मल्हारीचा बाप्तिस्मा आणि भोपळा प्रकरण

माणूस पहिल्यांदा जन्माला येतो तो कसलीही पूर्वतयारी न करता, आणि त्याचे परिणाम आपण सगळे भोगतोच आहोत. दुसऱ्या जन्माच्या वेळी तरी असा निष्काळजीपणा होऊ नये, म्हणून नाशिकला गंगापूर रोडच्या एका आतल्या गल्लीत असलेल्या शांतिदाता मंदिरात ‘प्रौढ बाप्तिस्मा पूर्वतयारी समिती’ नेमण्यात आलेली आहे. (मंदिर म्हणजे चर्चच, आणि मंडळी म्हणजे तिथे येणारी सगळी माणसं. मंडळीतली जुनी माणसं चर्चला मंदिर म्हणतात, आणि जुन्या माणसांपुढे वेगळं काही म्हणण्याची तिथे पद्धत नाही.)

पूर्वी फार गोंधळ होता. कुणीही यावं, ‘माझा विश्वास आहे’ म्हणावं, की पाळकसाहेब लगेच पाणी घेऊन उभे. अशा घाईघाईत आत आलेल्या लोकांना पुढे मंडळीत कसं वागायचं तेच कळत नसे. ते कुठल्याही बाकावर बसत. दिसेल त्याच्याशी बोलत. एका गृहस्थांनी तर पहिल्याच रविवारी दोन्ही बाजूंच्या लोकांना घरी जेवायला बोलावलं होतं. अहो, विश्वास असून काय उपयोग, माणसाला रीत नको का?

ही शिस्त आणली श्री. शांतवन भिंगारदिवे यांनी. भिंगारदिवे सरांची उभी हयात ओझरला विमानांच्या कारखान्यात तपासणी खात्यात गेली. तयार सुट्या भागाला हिरवी चिठ्ठी लावली की तो पुढे जायचा, पिवळी लावली की पुन्हा कामाला यायचा आणि लाल लावली की भंगारात. निवृत्त झाल्यावर त्यांनी बघितलं, तर देवाच्या घरात माणसं तपासणीशिवायच पुढे चाललेली. ‘बोल्ट सैल राहिला तर एक विमान जातं, माणूस सैल राहिला तर मंडळी जाते,’ असं त्यांनी वार्षिक सभेत सांगितलं, आणि समिती झाली. चिठ्ठ्या त्यांनी घरूनच आणल्या.

समितीचा अभ्यासक्रम दोन भागांत आहे. पहिल्या भागात देव, पाप, पश्चात्ताप, तारण, प्रार्थना आणि क्षमा हे विषय असून ते दोन रविवारांत उरकतात. (यात सहसा कुणी नापास होत नाही. कारण तपासणाऱ्यांनाही यातलं नेमकं आठवत नसल्यामुळे उमेदवाराला संशयाचा फायदा दिला जातो.) दुसरा भाग ‘मंडळीजीवन’. तो सावकाश चालतो, आणि खरी परीक्षा त्याचीच असते.

मंडळीजीवन समजायला आधी भोपळा प्रकरण समजलं पाहिजे. मंदिरात दरवर्षी हंगामाचा सण होतो. लोक शेतातलं, परसातलं जे काही पिकलं असेल ते आणून वेदीपुढे ठेवतात, आणि उपासना संपल्यावर अंगणात त्या सगळ्याचा लिलाव होतो. फार वर्षांपूर्वी अशाच एका लिलावात एक लाल भोपळा निघाला. कृपाबाई उजगरे यांनी बोली लावली. भिंगारदिवे सरांच्या मातोश्रींनी त्यावर बोली लावली. कृपाबाई पुन्हा तोंड उघडणार, इतक्यात लिलाव पुकारणाऱ्यानं ‘तीन’ म्हटलं आणि भोपळा भिंगारदिव्यांकडे गेला. कृपाबाईंचं म्हणणं, त्यांनी तोंड ‘तीन’च्या आधी उघडलं होतं. भिंगारदिव्यांचं म्हणणं, तोंड त्यांचं कायमच उघडं असतं. भोपळ्याची त्याच संध्याकाळी भाजी झाली, लिलाव पुकारणारा वारला, मातोश्री वारल्या. पण तेव्हापासून उजगरे बाजू खिडकीकडच्या बाकांवर बसते, भिंगारदिवे बाजू भिंतीकडच्या. चहा पूर्वेच्या व्हरांड्यात वेगळा, पश्चिमेच्या व्हरांड्यात वेगळा. पाळकसाहेब दर काही वर्षांनी बदलून येतात, आणि आल्यावर पहिल्या आठवड्यातच चहा सोडतात. सध्याच्यांनी प्रकृतीचं कारण दिलंय, आणि मंडळीनं ते समजून घेतलंय.

तर मंडळीजीवनाच्या प्रात्यक्षिकात उमेदवारानं करायच्या गोष्टी अशा. एक बाजू निवडणे. त्या बाजूचाच चहा पिणे, तो पाणचट असला तरी. आपल्या बाजूच्या माणसाला छातीवर हात ठेवून ‘सलाम’ करणे, आणि दुसऱ्या बाजूच्या माणसाला त्याच्या खांद्याकडे बघून ‘सलाम’ करणे. (सलाम म्हणजे मंडळीतला नमस्कार. तो अजिबात न करणे हे अख्रिस्ती वर्तन समजलं जातं.) आणि शेवटची, सगळ्यात जास्त गुणांची गोष्ट म्हणजे कुणाबद्दल तरी मनात अढी धरून ती एक संपूर्ण तिमाही टिकवून दाखवणे.

प्रतिभा नावाच्या इंदिरानगरच्या एक बाई या प्रात्यक्षिकात पहिल्याच खेपेला उत्तीर्ण झाल्या. त्या त्यांच्या हाउसिंग सोसायटीच्या सेक्रेटरी होत्या. सरांनी त्यांना शिकवायला काही शिल्लकच नव्हतं.

मल्हारीचं मात्र अवघड होतं.

मल्हारी गिरणारे गावाकडचा फुलवाला शेतकरी. वय पन्नाशीचं, आवाज मोठा, डोकं साधं. एका नाताळाला सजावटीसाठी शेवंतीची पोती टाकायला तो मंदिरात आला, पाय दुखत होते म्हणून मागच्या बाकावर टेकला, आणि उपासना सुरू झाली तरी उठायचं राहून गेलं. पाळकसाहेब उपदेश करत होते. भावाशी वाकडं असेल तर आधी जाऊन ते मिटव आणि मग देवापुढं ये, अशा अर्थाचं काहीतरी ते सांगत होते. हा उपदेश तिथे दरवर्षी होतो, आणि मंडळी तो शांतपणे ऐकून घेते. मल्हारीला ही पद्धत माहीत नव्हती. तो उपदेशाच्या मध्येच उठला आणि निघून गेला. लोकांना वाटलं, पोट बिघडलं असेल.

तो गेला तो थेट सहादूच्या दारात. सहादू त्याचा थोरला भाऊ. विहिरीवरच्या मोटारीच्या पाळीवरून दोघांची फाटली होती, ती इतकी की एकाच बांधावरून जाताना एकमेकांकडे पाठ करून जायचे. आईच्या मयतालासुद्धा दोघं तिरडीच्या दोन बाजूंना होते, पण शब्द नव्हता. मल्हारी दारात उभा राहून म्हणाला, “दादा, झालं गेलं जाऊ दे. पाळी तूच घे.” सहादू खाटेवरून उठला, आणि दोघं म्हातारे होत आलेले बाप्ये लहान पोरांसारखे गळ्यात पडून रडले. सहादूची बायको घाबरून शेजाऱ्यांना बोलवायला धावली. ती पाळी मग कुणीच घेईना. तू घे, तू घे करण्यात त्या वर्षी अर्धी शेवंती सुकली.

त्या दिवसापासून मल्हारीनं मनाशी धरलं, की जिथं हे असलं शिकवतात त्या माणसांतलंच आपण व्हायचं. दुसरं त्याला काही नको होतं. “सर, मला तुमच्यातला करा,” एवढंच तो भिंगारदिवे सरांना म्हणाला. सरांनी त्याला आपल्या बाजूचा म्हणून लिहून घेतलं, पिवळी चिठ्ठी लावली आणि वर्गात बसवलं. दर रविवारी सहादू त्याला मोटारसायकलवर मागं बसवून आणायचा आणि वर्ग सुटेपर्यंत गल्लीच्या तोंडाशी चहाच्या टपरीवर थांबायचा.

पहिल्या भागात मल्हारी बरा होता. दुसऱ्या भागात त्यानं समितीच्या तोंडचं पाणी पळवलं. पहिल्या प्रात्यक्षिकाला तो पूर्वेच्या व्हरांड्यात चहा प्यायला, कपबशी विसळली, आणि तसाच पश्चिमेच्या व्हरांड्यात जाऊन “हितला बी बघू” म्हणाला. वर दोन्हीकडे सांगून आला की तिकडं साखर जास्त हाय. सलाम तो सगळ्यांनाच छातीवर हात ठेवून करायचा. खांद्याकडे बघायचं शिकवलं तर खांद्याकडे बघून विचारायचा, “काय बाई, खांदा दुखतोय का?” कृपाबाईंचा खांदा खरोखरच दुखत होता. त्यांना गहिवरून आलं, आणि त्या भिंगारदिवे बाजूच्या उमेदवाराशी पाच मिनिटं बोलल्या. याची नोंद घेण्यात आली.

पण कहर झाला तो हंगामाच्या सणाला. मल्हारीला भोपळा प्रकरण वर्गात तीनदा शिकवून झालं होतं. इतर उमेदवार ते पाठ करतात. मल्हारी ते ऐकून दर वेळी हळहळायचा. “एका भोपळ्यापायी?” असं त्यानं विचारलं, तेव्हा सरांनी ‘हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे’ असं स्पष्ट केलं. मल्हारीनं घरी जाऊन भोपळ्याचे वेल लावले. सणाच्या दिवशी तो आणि सहादू दोन लाल भोपळे घेऊन आले, अगदी एकमेकांसारखे, टोपलीत गवत घालून. लिलाव सुरू व्हायच्या आधीच मल्हारीनं एक भोपळा कृपाबाईंच्या पुढ्यात ठेवला, दुसरा सरांच्या. आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “घ्या. दोघांना बी झाला. आता बसा एका बाकावर.”

अंगणात जेवढी शांतता झाली, तेवढी मंदिरात प्रार्थनेच्या वेळीसुद्धा कधी झाली नव्हती.

त्या संध्याकाळी तातडीची सभा बोलावण्यात आली. मंडळीच्या मूलभूत ओळखीवर एका बाहेरच्या उमेदवारानं घाला घातल्याबद्दल तीव्र नापसंतीचा ठराव मांडण्यात आला. ठराव भिंगारदिवे सरांनी मांडला, त्याला अनुमोदन कृपाबाईंनी दिलं, आणि तो एकमतानं मंजूर झाला. भोपळा प्रकरणानंतर दोन्ही बाजूंचे हात एकाच वेळी वर जाण्याची ही पहिलीच वेळ, तेव्हा मल्हारीचा हेतू काही प्रमाणात सफल झाला असं म्हणायला हरकत नाही. (भोपळे दोन्ही घरी नेण्यात आले. भाजीवर आक्षेप नव्हता.)

मल्हारीला लाल चिठ्ठी लागणार होती. तो सभेच्या बाहेर पायरीवर बसून होता. डोळे पुसत सरांना म्हणाला, “सर, काढू नका मला. सांगाल ते करतो.” आता भिंगारदिवे सर काही पाषाण नव्हते. माणूस खरोखर तळमळतोय हे त्यांना दिसत होतं, आणि चांगला माल भंगारात टाकताना त्यांच्या जिवाला कायमच लागायचं. त्यांनी त्याला ईस्टरपर्यंत मुदत दिली आणि स्वतः खास शिकवणी घ्यायचं ठरवलं.

“मल्हारी, तुला कुणाचाच राग येत नाही?”

“नाय ना सर. लय प्रयत्न केला.”

“आधी कधी तरी येत असेल.”

“दादाचा यायचा. लय यायचा. आता नाय येत.”

सरांचा चेहरा उजळला. “मग झालं तर! पाया आहे तुझा. अरे, नवीन राग कुठून आणायचा? तोच घासूनपुसून काढू. रोज संध्याकाळी बस, आणि त्यानं काय काय केलं ते एकेक आठव. नुसता सराव रे. परीक्षेपुरता.”

मल्हारीनं हे सहादूला जाऊन सांगितलं, आणि सहादूला ते लगेच पटलं. परीक्षा म्हणजे परीक्षा, शेवटी मास्तर सांगतील ते करायचं. दोघं भाऊ रोज संध्याकाळी विहिरीच्या कडेला बसू लागले. मल्हारी आठवायचा आणि सहादू मदत करायचा.

“तू माझ्या पाळीला स्टार्टर काढून नेला व्हता,” मल्हारी म्हणायचा.

“नेला की. आन् तुझ्या बांधावरचा लिंब कुणी तोडला? ते राहिलं.”

“हा, लिंब! तू तोडला!”

“मंग? येतोय का राग?”

“नाय यार दादा. हसूच येतंय.”

असे दिवसामागून दिवस गेले. वैर आठवता आठवता दोघं पोट धरधरून हसायचे, आणि उठताना सहादू काळजीनं म्हणायचा, “असं नको करू मर्दा, नापास व्हशील.” ईस्टर जवळ येत चालला. सर दर रविवारी मल्हारीला त्याच्या भावाचा विषय काढून बघायचे आणि हताश होऊन पिवळी चिठ्ठी लावायचे. परीक्षेच्या आदल्या दिवशी मल्हारी विहिरीवर आला तो तोंड पाडून. म्हणाला, “दादा, माझं काय होत नाय. उद्या ते मला काढत्यात.”

सहादू पाण्याकडे बघू लागला. मग म्हणाला, “अजून एक हाय. ते सांगतो. तेनं तुझं काम व्हईल.”

“काय?”

“आई जाताना तुझं नाव घेत व्हती. दोन दिस घेत व्हती. मल्हारीला बलवा, मल्हारीला बलवा. तू पलीकडं शेवंतीला पाणीच धरत व्हता, हाक मारली असती तरी आला असता. मी नाय मारली. तिला सांगितलं, मल्हारी येत नाय म्हनतो. मंग तिनं नाव घ्यायचं सोडलं.”

मोटार चालू होती. मल्हारीनं उठून ती बंद केली.

“तुला समदं माफ करता येतं,” सहादू म्हणाला, “म्हून सांगितलं रे.”

मल्हारीनं चपला घातल्या आणि घरी गेला. दुसऱ्या दिवशी तो शहरात आला तो शेअर रिक्षानं, एकटाच.

आणि काय सांगावं, त्या रविवारच्या प्रात्यक्षिकात मल्हारीनं सगळ्यांना थक्क केलं. चहा त्यानं भिंतीकडच्या बाजूचाच घेतला आणि पाणचट असल्याचं बोलून दाखवलं नाही. कृपाबाईंना खांद्याकडे बघून सलाम केला आणि खांद्याची चौकशी केली नाही. शेवटी सरांनी नेहमीचा प्रश्न विचारला, “भाऊ काय म्हणतो?” मल्हारीच्या तोंडाचा रंगच बदलला. दात आवळून तो म्हणाला, “त्याचं नाव काढू नका.” परीक्षक एकमेकांकडे बघत राहिले. प्रतिभाबाईंनी तर कबूल केलं, की एवढं त्यांनाही जमलं नव्हतं. तिमाहीची अट त्याच्या बाबतीत खास ठरावानं शिथिल करण्यात आली, कारण हे आता आयुष्यभर टिकेल याची समितीला खात्री वाटली. सरांनी स्वतःच्या हातानं त्याच्या सदऱ्याला हिरवी चिठ्ठी टाचली. सरांचे डोळे भरून आले होते. मल्हारीचे कोरडे होते.

ईस्टरला मंदिर फुलून गेलं होतं. मल्हारी पांढऱ्या कपड्यांत पुढे उभा होता. आज ज्या दिवसासाठी त्यानं एवढा जीव टाकला तो दिवस होता, आणि तो मान ताठ ठेवून समोर बघत होता. एवढ्यात दारात सहादू आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. अंगावर धुतलेलं धोतर, हातात मोगऱ्याची परडी. खिडकीकडे बसायचं की भिंतीकडे हे त्याला माहीत नव्हतं. दोन्हीकडे कुणी सरकलं नाही, तेव्हा तो मधल्या वाटेतच परडी धरून उभा राहिला.

पाळकसाहेबांनी पाणी हातात घेण्याआधी विधीतला प्रश्न विचारला, “मल्हारी, तुझ्या मनात कुणाविषयी वैर आहे काय?”

हा प्रश्न त्या मंदिरात प्रत्येकाला विचारला गेलेला आहे. कृपाबाईंना विचारला गेला होता, सरांना विचारला गेला होता. मल्हारीनं वळून वाटेत उभ्या असलेल्या सहादूच्या खांद्याकडे बघितलं.

“नाही,” तो म्हणाला. स्वच्छ, शहरी उच्चारात, जराही न अडखळता.

दोन्ही बाजूंच्या बाकांवरून समाधानाचा सुस्कारा निघाला. पाळकसाहेबांनी तीन ओंजळी पाणी घातलं. सहादूनं परडी वाटेतच खाली ठेवली, थोडा वेळ हात जोडून उभा राहिला आणि निघून गेला. मोगऱ्याचा लिलाव करावा की नाही यावर समिती विचार करत आहे.

मल्हारी आता मंडळीत चांगलाच रुळलाय. भिंतीकडून तिसऱ्या बाकावर बसतो. क्षमेवरचा उपदेश असतो तेव्हा उठून जात नाही, शांतपणे ऐकतो. विहिरीवरच्या पाळीसाठी त्यानं वकील केलाय असंही कळतं.

समितीच्या या यशाची माहिती सर्वदूर पोचल्यामुळे आता बाहेरूनही विचारणा होऊ लागली आहे. त्यात सगळ्या धर्मांचे लोक आहेत, आणि कशालाच न मानणारेही आहेत. एवढ्यांची प्रात्यक्षिकं घेणं समितीला शक्य नाही. म्हणून वाचकांसाठी तयारीची अट काढून टाकण्यात आली असून एकच प्रश्न ठेवला आहे, आणि त्याचं उत्तर कुठे लिहून पाठवायचं नाही. ज्याच्याशी तुम्ही बोलत नाही, त्या माणसाचं नाव काय?

आलं ना मनात, वाक्य पुरं व्हायच्या आधीच? झालं तर. तुम्हाला कसल्या शिकवणीची गरज नाही, या आणि बसा. फक्त कुठल्या बाजूला ते आधी सांगा.